आण्णांची मिशी

"दाढी काढ. मिशीला हात लावलास तर बोटं मोडीन," आण्णा म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यातल्या वॉर्डातला माणूस एका हातात पाण्याचा मग आणि दुसऱ्या हातात पिवळं प्लॅस्टिकचं रेझर घेऊन उभा होता. त्याला काही कळलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या ऑपरेशननंतर आण्णांचं तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं, आणि आता डाव्या जबड्यात कॅन्सर पुन्हा उलटल्यापासून शब्द आतल्या आत घोळायचे. मला सवय होती, म्हणून कळायचं.

"काय म्हणतात बाबा?" त्यानं मला विचारलं.

"मिशी राहू दे म्हणतात."

"अहो ताई, परवा नाकातून नळी घालणार. तिची चिकटपट्टी वरच्या ओठावर बसते. सगळं साफ पाहिजे, मॅडमनी लिहून दिलंय."

आण्णांनी त्याच्या हातातलं रेझर घेतलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "असल्यानं म्हशीबी भादरत न्हाईत," ते म्हणाले. एवढं मात्र त्या माणसाला कळलं. तो फणफणत निघून गेला.

मला तेव्हा हसू आलं होतं, हे कबूल करते. मंगळवारची दुपार होती, ऑपरेशन गुरुवारी सकाळी. म्हटलं, कारागिराचा हेका आहे, तासाभरात उतरेल.

आम्ही नाभिक. कोंडोलीत ग्रामपंचायतीच्या कमानीला लागून आण्णांचं दुकान, त्याआधी ते माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं. आबा तेव्हा शहाऐंशीचे होते. सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे ते दुपारी जेवायलाच उठायचे. डोळ्यांना कमी दिसायचं, पण आत आण्णांची कात्री कुठं चुकली ते बाहेर बसून आवाजावरून सांगायचे, आणि साठी ओलांडलेले आण्णा "व्हय आबा" म्हणून मुकाट्यानं दुरुस्त करायचे. मी त्यांची एकुलती एक. आई जाऊन सहा वर्षं झालेली. मी कराडला बायकांचं पार्लर चालवायची, दोऱ्यानं भुवया कोरायची, म्हणून त्याला आण्णा 'दोऱ्याचं दुकान' म्हणायचे.

आणि आमच्याकडे मिशीचा कायदा होता. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही. बाप गेला की दहाव्या दिवशी नदीवर बसून ती द्यायची. शहरात हे आता कोणी पाळत नाही, गावातही ढिलं झालं होतं, पण आण्णांच्या दुकानात नाही. कॉलेजातली पोरं मिशी उडवायला खुर्चीत बसली की आण्णा विचारायचे, "बाप कुठाय?"

"शेतात."

"मग हितं घिऊन ये. तो म्हनला तर काढतो."

पोरं शिव्या घालत कराडची एसटी पकडायची.

म्हणजे माणूस हट्टी होता, पण भित्रा नव्हता. आठ दिवसांपूर्वी नेर्लेकर मॅडमनी, म्हणजे आण्णांच्या डॉक्टरांनी, सगळं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. डावा जबडा काढावा लागेल. पायातलं एक बारकं हाड घेऊन त्याला जबड्याचा आकार देणार, तिथं बसवणार. तोंडाच्या आतून लावायला कातडीही पायाचीच. मी तो कागद उलटा करून ठेवला. आण्णांनी मात्र एकच शंका काढली.

"पायाची कातडी म्हंजी आत क्यास उगवतील की."

मी मॅडमना सांगितलं. मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या, "उगवतात कधी कधी. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन देतो, त्यात बहुतेक जातात."

आण्णांना इतकं हसू आलं की जबडा धरून बसले. "जलमभर बाहीरनं दाढ्या केल्या," ते मला म्हणाले, "आता आतनं."

हाड घ्या, कातडी घ्या, उरलेले दात घ्या, सगळं कबूल. आणि अडलं ते ओठावरच्या चार केसांवर.

संध्याकाळी पाचला मॅडम राउंडला आल्या. त्यांनी समजावलं, आण्णांनी मान हलवली, आडवी. संमतीचा कागद त्यांनी घडी घालून उशीखाली सारला. मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

"हे हाड बसवणारे सर पुण्याहून येतात, ते या गुरुवारी. हा गुरुवार गेला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मागच्या वेळी आपल्याकडे वेळ होता. आता गाठ मानेकडं सरकतेय. तीन आठवड्यांनी मला हे ऑपरेशन करता येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"आणि नाही करता आलं तर?"

"मग फक्त दुखणं कमी करत राहायचं," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत मला सही पाहिजे, आणि तयारी पूर्ण पाहिजे."

मी आत येऊन खाटेवर बसले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून बसले होते.

"आण्णा, मिशी पुन्हा उगवते."

"आबा हायत अजून."

"मग?"

"बाप पायरीवर बसलाय आन पोरगं मिशी काढून दारात हुबं. काय समजायचं त्यांनी?"

"समजायचं की ऑपरेशन झालं!"

"त्यांना ठावं न्हाई," आण्णा म्हणाले.

खरी गोम ही होती. आबांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पहिल्या वेळी नाकात नळी लागली नव्हती, मिशी वाचली होती, तेव्हा दाढेचा फोड फोडला म्हणून सांगितलं. आण्णांनी तंबाखू सोडली तेव्हा आबांनी कौतुकच केलं, कारण विचारलं नाही. या वेळी माझ्या घराला रंग काढलाय, देखरेखीला जातो, असं सांगून आण्णा महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आले होते. आबांचा धाकटा मुलगा, माझे शिवाकाका, वीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली गेले. त्यानंतर आबा चार महिने कोणाशी बोलले नव्हते. आण्णांनी त्या चार महिन्यांत त्यांना हातानं भरवलं होतं.

"त्यांनी एक पोरगं जाळलंय," आण्णा म्हणाले. "डोळं गेल्यात, पर हात हाय. रोज सकाळी माजी दाढी बरी झालीया का बघाया गालावरनं हात फिरवत्यात. मिशी न्हाई म्हनल्यावर इचारतील, का काढलीस. काय सांगू? रंग लागला म्हनून?"

"खरं सांगा."

"ते जायाचं माज्या आदी, उजे. मी न्हाई. त्यांच्यासमोर मी मिशी काढून हुबा राहनार न्हाई."

मला तेव्हा हे कळायला हवं होतं. पण आठ दिवस झोप नव्हती, जीव टांगणीला लागलेला, आणि माझं तोंड मुळातच फटकळ. मी म्हणाले, "मग मरा मिशी कुरवाळत."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको लिंबू पिळत होती, तिचा हात थांबला. आज चौदा वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यात, पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार?

बऱ्याच वेळानं आण्णा म्हणाले, "आबांच्या कानावर घातलंस तर माजं मेलेलं तोंड बगशील."

गप्प राहिले असते तरी तेच बघायची वेळ येणार होती. तेव्हा बोलूनच बघायचं, असं मी मनाशी ठरवलं. बुधवारी सकाळी माझे यजमान, सतीश, आण्णांजवळ येऊन बसले आणि मी पहिली एसटी धरली. पार्लरमध्ये काम आहे, असं आण्णांना सांगितलं. आमच्या घरात खोटं बोलायची तेव्हा साथच आली होती.

साडेनऊला कोंडोलीत उतरले. आबा पायरीवर होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मागं दुकानाला महिन्याभराचं कुलूप.

"कोन?"

"मी उज्ज्वला, आबा."

"रंग झाला का घराचा?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "रंग काढलाच नव्हता आबा," म्हटलं, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पहिलं ऑपरेशन, आता उलटलेला आजार, जबडा, पायाचं हाड, गुरुवार. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही, मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हात म्हातारपणानं कायम हलायचे, ते तसेच हलत होते.

रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी हाळी देऊन आण्णांची चौकशी केली, "आबा, निवृत्ती कवा येनार?"

"यील," आबा म्हणाले.

तो माणूस गेला. आबा म्हणाले, "तरी म्हनलं, फोडाला तीन वर्सं लागत्यात व्हय?"

मग मी मिशीचं सांगितलं. "तुम्ही आहात म्हणून ते अडून बसलेत. मिशी काढून तुमच्यासमोर यायचं नाही म्हणतात. आज संध्याकाळपर्यंत झालं नाही तर उद्याचं ऑपरेशन नाही, आणि मग..."

आबा रडतील, कोसळतील, मला शिव्या घालतील, सगळ्याची तयारी ठेवून मी बसले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मिशी कोन काढनार हाय?"

"तिथला माणूस."

"न्हावी हाय?"

"नाही. वॉर्डातला कामगार आहे."

"कशानं?"

"प्लॅस्टिकचं रेझर."

"फेस करतो?"

"हातानंच साबण लावतो बहुतेक."

आबांनी कडू काहीतरी जिभेवर आल्यासारखं तोंड केलं. "किल्ली घे," ते म्हणाले, "आन आतली धोपटी आन."

धोपटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. मी कुलूप काढून ती आणली. आबांनी मांडीवर घेऊन एकेक जिन्नस चाचपला, नको ते बाजूला काढलं आणि पिशवी काखेत मारली. समोरच्या पाटलांच्या भावाची जीप मिळाली. वाटेत आबांनी दोनच गोष्टी विचारल्या. "बोलतो का?" आणि "काय खातो?" मी म्हटलं, थोडं बोलतात, पेज पितात. इस्लामपूर ओलांडल्यावर त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि वारा लागतोय म्हणाले. जीपच्या काचा वरपर्यंत बंद होत्या.

अडीचला आम्ही वॉर्डात शिरलो. आण्णांनी आबांना दारातच बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीकडं तोंड करून घेतलं.

आबा खाटेची कड चाचपत आले नि बसले. हात पुढं करून त्यांनी आण्णांचा चेहरा आपल्याकडे वळवला. रोज सकाळी फिरवायचे तसाच गालावरून हात फिरवला. आधी उजवा गाल, मग हनुवटी, मग डावा जबडा. तिथं हात थांबला. सुजेच्या कडेकडेनं बोटं सावकाश फिरली.

"दाढंचा फोड," आबा म्हणाले.

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तीन वर्सं मला फोड म्हनून सांगितलंस."

"आबा, तुमाला शिवाच्या टायमाला..."

"गप. बोलू नगंस, दुखंल." आबा माझ्याकडे वळले. "ऊन पानी आन."

मी पाणी आणेपर्यंत नर्स आली, धोपटीतला वस्तरा बघून तिनं मॅडमना बोलावलं. मॅडमनी आबांना नमस्कार केला आणि स्पष्टच सांगितलं, "आजोबा, इथं जरा जरी कापलं तरी उद्याचं ऑपरेशन मला पुढं ढकलावं लागेल. आणि तुमचा हात..."

आबांनी हात पुढं धरून दाखवला. तो चांगलाच हलत होता. "हात हलतोय," ते म्हणाले. "कापनार न्हाई."

"खात्री आहे?"

"बाई, तुमी पायाचं हाड तोंडात बशिवनार. मी इचारलं का खात्री?"

मॅडमनी वस्तरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "जुना वस्तरा नाही. नवं पातं, आणि माझ्यासमोर." धोपटीत पातं बदलायचा वस्तरा होता, आण्णांचाच. नर्सनं पाकीट फोडून नवं पातं त्यात बसवलं.

आबांनी ब्रश भिजवला, तसा आण्णांनी त्यांचा हात धरला. "आबा, नगं. तुमी हाय. अपशकुन हुतो. तुमीच शिकिवलंय."

"काय शिकिवलंय?"

"बाप असताना मिशी काढायची न्हाई."

"पोरानं काढायची न्हाई," आबा म्हणाले. "बापानं सवताच्या हातानं काढली तर चालती."

"हे कवा सांगितलं न्हाई!"

"कवा काम पडलं न्हाई."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. असा कुठलाही रिवाज नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आबांनी तो इस्लामपूर ते मिरज या दरम्यान जीपमध्ये बसून काढला होता. पण कोंडोलीत केसांच्या बाबतीत आबांच्या वरचं कोर्ट नव्हतं. आण्णांचा हात हळूहळू सुटला.

आबांनी फेस केला. घाई नाही, गडबड नाही, पंचवीस गिऱ्हाईकं थांबलेली असली तरी करायचे तसा. वस्तरा उचलल्यावर म्हणाले, "उजे, कोपार धर. मनगाट नगं, मनगाट माजं मला लागतंय." मी दोन्ही तळव्यांवर त्यांचं कोपर तोलून धरलं. त्यांच्या हाताचं थरथरणं माझ्या खांद्यापर्यंत येत होतं. पातं कातडीला टेकवायच्या आधी ते दर वेळी थांबायचे, थरथर जरा कमी व्हायची वाट बघायचे, आणि तेवढ्यात वस्तरा एकदाच, जरासा ओढायचे. मग पुन्हा थांबायचे.

"वरचा ओठ खाली घे," ते कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले. आण्णांनी ओठ खाली ओढला.

मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. नर्स उभी होती. कालचा तो रेझरवाला माणूसही दारात येऊन थांबला होता. पाच मिनिटांचं काम, त्याला वीस मिनिटं लागली. पांढऱ्या फेसातून पांढरी मिशी टॉवेलवर उतरली. खालचा ओठ तंबाखूनं काळवंडलेला, आणि वरचा, चाळीस वर्षं ऊन न लागलेला, अगदी गोरा. तो माझ्या ओठासारखा होता. मला हे चौतीस वर्षांत माहीत नव्हतं.

कुठंही कापलं नाही. आबांनी तुरटी फिरवली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि अंगठ्यानं ओठ तपासला. मग वस्तरा मिटून ठेवला आणि आण्णांच्या अगदी जवळ वाकले.

"निवृत्ती, आता माजी पंचाईत झाली बग. मी गेल्यावर दहाव्याला तुला द्यायला मिशी नगं का? आता हाय का?"

आण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग मला आता मरता येत न्हाई. ती उगवंल, दाट हुईल, तवर मी पायरीवर बसून हाय. पर तिकडनं उठून यायाचं काम तुजं. बिनमिशीचा मेलास तर मला कायमचं बशीवशील."

आण्णा आबांच्या मांडीवर डोकं ठेवून किती तरी वेळ तसेच पडून राहिले. आबा त्यांच्या केसांतून हात फिरवत होते, आणि मध्येच, सवयीनं, मानेवरचे केस वाढलेत म्हणून पुटपुटले. मग आण्णा उठून बसले, उशीखालचा कागद काढला आणि मॅडमकडे पेनासाठी हात केला.

ऑपरेशन अकरा तास चाललं. त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. नळी, शेक, पेज, पायाचं दुखणं, पुन्हा बोलायला शिकणं. चेहरा एका अंगाला थोडा कललेला राहिला, काही अक्षरं कायमची गेली. पण आण्णा कोंडोलीला परतले आणि दुकान उघडलं. आणि आबा रोज सकाळी पायरीवरून हाक मारून त्यांना बोलवायचे, ओठावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून पातळ हाय." सहा महिन्यांत मिशी पहिल्याहून दाट झाली. आबांचं म्हणणं तेच, "अजून पातळ हाय."

असे ते पावणेतीन वर्षं थांबले. पौषात एका सकाळी झोपेतच गेले, एकोणनव्वदाव्या वर्षी.

दहाव्या दिवशी मीही नदीवर गेले होते. शेजारगावच्या न्हाव्यानं आण्णांची मिशी काढली. आण्णांनी ती ओंजळीत घेतली आणि त्या वाकड्या, पायाच्या हाडाच्या जबड्यानं, अर्धी अक्षरं गाळत, "आबा, आबा" करून लहान पोरासारखे रडले. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत होत्या. माझा बाप जिवंत राहून त्याच्या बापासाठी रडत होता, आणि मला कुठल्या देवाचे पाय धरू असं झालं होतं.